कानामागची तीट

येरवड्याच्या बंधाऱ्याशी दर रविवारी पक्षी बघायला जमणाऱ्या मंडळींत मंदाकिनी खांबेटे दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. एक, थर्मासमधला गवती चहा घातलेला चहा. दुसरी, जप. नवऱ्याच्या डाव्या खांद्याशी ती उभी राहायची. उजवा हात गोमुखीत, ओठ हलताहेत, मधूनच डाव्या हातानं गळ्यातली जुनी लहान दुर्बीण डोळ्यांना लावतेय, आणि पुन्हा पुटपुटतेय. नदीला फेस आलेला, वास असा की नवख्या माणसाचा पहिल्या रविवारी नाकावरचा रुमाल खाली येत नसे, आणि ही बाई तिथं नाम घेत उभी. कुणाला हसू यायचं, कुणाला आदर वाटायचा. पण काकूंचा जप मोडू नये म्हणून सगळेच आपोआप आवाज खाली आणायचे.

त्या जपात देवाचं नाव नव्हतं.

"उजवीकडून तिसरा. दगडावर. चोच जाड, लाल, टोक काळं. डोळा पांढुरका. उडाला. पंखाचं टोक काळं, त्यात पांढऱ्या खिडक्या. दोन." असा तो जप होता. आणि तो ऐकून श्रीधरपंत खांबेटे, दुर्बीण डोळ्यांवरून न हलवता, वर्गात बोलावं तसं खणखणीत सांगायचे, "तपकिरी डोक्याचा कुरव. पूर्ण वाढलेला. घ्या लिहून."

मंडळी लिहून घ्यायची. सरांची नजर म्हणजे नजर, असं म्हणायची.

चार हिवाळ्यांपूर्वी सरांची ती नजर गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याची मधोमध झीज झालीय. कडेचं दिसत राहील, समोरचं दिसणार नाही. त्यामुळे श्रीधरपंत रस्त्यानं नीट चालत, जिना उतरत, दारात आलेल्याला अंगलटीवरून आणि आवाजावरून ओळखत. फक्त ज्याच्याकडे बघायला जावं तेच नेमकं पुसलं जायचं. वर्तमानपत्राचा मथळा, ताटात वाढलेलं लोणचं, बायकोचा चेहरा. चेहऱ्याची तक्रार त्यांनी कधी केली नाही. पक्ष्यांची केली.

"कुणाला कळता कामा नये," दवाखान्यातून परत येताना रिक्षातच त्यांनी सांगितलं. "मंडळींतल्या त्या ओगल्याला तर नाहीच नाही. तू येत जा माझ्याबरोबर. काय दिसतं ते सांगायचं. रंग, चोच, पाय, डोळा. नाव घ्यायचं नाही. नाव मी घेणार."

नाव न घेण्याची तिला सवय होती. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर बँकेतल्या मुलीनं विचारलं तरी ती पासबुक पुढे सरकवायची.

तोवरचा तिचा रविवार म्हणजे त्यांनी दुर्बीण घेऊन बाहेर पडायचं आणि हिनं पोहे भिजवायचे नाहीत, भिजवायचे, पुन्हा थांबायचं, कारण ते केव्हा येतील ह्याचा नेम नसे. नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती, आणि त्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप दिसायचा. आता ती अंधारातच उठून देव उरकायची, नैवेद्याला दूधसाखर ठेवायची आणि उजाडताना नदीवर हजर. थंड हवेत फेसावरून पांढरे पक्षी उठत, आणि त्यांच्या पंखांखालून ऊन आरपार येई. पहिल्या रविवारी ती चहा ओतायची विसरली होती.

गुपित फुटलं तर आपला मान जाईल, हे श्रीधरपंतांना ठाऊक होतं. तिचा रविवार जाईल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते तिनं त्यांना सांगितलंही नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

बदकं, शराटी, शेकाट्या तिला लवकर उमगल्या. रडवलं ते कुरवांनी. हे पांढरे पाणपक्षी थंडीत लांबून येतात. येतात तेव्हा तपकिरी डोक्याच्याचं डोकं तपकिरी नसतं आणि काळ्या डोक्याच्याचं काळं नसतं. दोन्ही पांढरीफेक.

"मग नाव तसं कशाला?" तिनं विचारलं होतं.

"नाव ठेवणाऱ्यानं उन्हाळ्यात ठेवलं. त्याला तुझी सोय बघायची होती का?"

दोघांच्याही कानामागे एक काळपट ठिपका असतो. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावतात, तसा. तिनं पहिल्यांदा "तीट" म्हटलं तेव्हा श्रीधरपंत नाकातून हसले होते. पुढे त्यांनीही तोच शब्द धरला, आणि मग सगळी मंडळीच कुरवाची तीट म्हणू लागली. सरांचा शब्द म्हणून.

तीट दोघांनाही, तेव्हा तिचा उपयोग नाही. मग ती शिकली, जशी कधीकाळी सासूबाईंकडून मार्केट यार्डातला तांदूळ पारखायला शिकली होती तशी. दाणा एकटा बघायचा नाही, मूठभर बघायचे, म्हणजे वेगळा असेल तो आपण होऊन वेगळा दिसतो. तपकिरी डोक्याचा अंगानं दणकट, जाड चोचीचा, पंगतीत पहिल्या पाटावर हक्कानं बसणाऱ्या मामासारखा. पांढुरका डोळा, त्यामुळे जरा रागीट. काळ्या डोक्याचा लहानखोर, डोळा काळाभोर आणि मऊ, आणि उडाला की पंखाची पुढची कड पातळाच्या काठासारखी पांढरीशुभ्र. हे झालं मोठ्यांचं. पिल्लं फसवी. तपकिरी डोक्याच्याच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाला डोळाही काळाच असतो आणि पंखात खिडक्याही नसतात. अशा एका पिल्लानं तिला एका एकादशीला छळलं होतं. पोटात काही नाही, आणि ते पिल्लू घटकेत काळ्या डोक्याचं वाटतंय, घटकेत तपकिरी. ती सांगत राहिली, पंख उघडला, मिटला, टोकाला काळं जास्त आहे, पुढच्या कडेचं पांढरं टोकापर्यंत पोचत नाही, चोच बुंध्याशी जाड आहे. श्रीधरपंतांनी नाव घेतलं, मंडळींनी माना डोलावल्या. तिला आतून कुणीतरी ओवाळल्यासारखं झालं. उपास कसा सुटला तिला कळलंही नाही.

एकदाच ती चुकून म्हणून गेली होती, "हा काळ्या डोक्याचा वाटतो."

श्रीधरपंतांनी दुर्बीण खाली घेतली. "वाटतो? तुला काय वाटतं ते मी विचारलं का?"

तेव्हापासून नाव ओठांशी आलं की ती गिळून टाकायची. यायचं मात्र. त्यांच्या आधी यायचं. मग ती वाट बघायची, जशी पानावर बसल्यावर त्यांनी पहिला घास घेईपर्यंत बघायची.

देवाच्या नावाआडून पक्षी सांगायचे, हे तिला खुपत असे. सोवळं नेसून चोरी केल्यासारखं. म्हणून रविवारी संध्याकाळी दिवा लावला की ती रोजच्या जपावर एक माळ जादा ओढायची. देवा, तुझी गोमुखी वापरली, खोटं मात्र काही सांगितलं नाही. दिसलं तसंच सांगितलं. एवढं म्हटलं की तिला झोप लागे.

मंडळींत एक दीनानाथ ओगले होते. पोस्टातून निवृत्त झालेले, श्रीधरपंतांच्याच वयाचे, बोलायला थोडे आणि लक्षात ठेवायला पुष्कळ. बऱ्याच वर्षांपूर्वी ह्याच बंधाऱ्याशी ओगल्यांनी सांगितलं होतं की आपण निमुळत्या चोचीचा कुरव पाहिला. हा कुरव तसा समुद्राकाठचा. त्याला तीट नसते, असली तर नसल्यासारखी. कपाळ उतरतं, मान लांब, चोच लांब, डोळा फिका. इथल्या नदीवर तो मंडळींतल्या कुणी पाहिला नव्हता. श्रीधरपंतांनी ऐकून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ओगले, आधी चष्मा पुसा. मग पक्षी बघा." मंडळी हसली. ओगल्यांचा कुरव खोडला गेला. त्यानंतर ओगल्यांनी कधी कोणता कुरव सांगितला नाही. दिसला तरी म्हणत, "सरांना विचारा."

आणि श्रीधरपंतांच्या मनात तेव्हापासून तोच एक पक्षी बसला होता. ओगल्यांना दिसला नाही हे ठरवून झालं होतं. आता तो आपल्याला दिसायला हवा होता.

माघातली सकाळ. थंडी उतरणीला लागलेली, नदीवर धुरकट. मंडळी रोजच्या जागी उभी. सलोनी नावाची एक मुलगी त्या वर्षी नवीन येऊ लागली होती, खराडीला कुठल्याशा कंपनीत कामाला, कॅमेरा तिच्या स्वतःच्या हातापेक्षा मोठा. ती येता येता म्हणाली, "काकू, तुम्हीपण बर्डिंग करता का? की नुसतं चँटिंग?"

"मी आपली ह्यांच्याबरोबर येते," मंदाकिनी म्हणाली आणि गोमुखीत हात घातला.

फेसाच्या कडेला कुरवांचा थवा बसला होता. त्यापासून बाजूला, शेवटच्या दगडावर, एकच.

"डावीकडे टोकाला एकटा," तिनं सुरू केलं. "काळ्या… लहानखोर आहे. डोकं पांढरं."

"पांढरं म्हणजे? तीट?"

"आहे. फिकट आहे. पुसत आल्यासारखी."

श्रीधरपंतांचा खांदा ताठ झाला, तिला तो आपल्या खांद्याशी कळला. "चोच?"

"बारीक."

"लांब आहे का?"

तिनं पुन्हा पाहिलं. "फार नाही."

"फार नाही म्हणजे आहे. मान?"

"आता लांब केलीय. तिकडे घार फिरतेय म्हणून बघतोय तो."

"आणि कपाळ उतरतं."

"मान पुढे काढलीय म्हणून तसं दिसतंय. डोळा काळा आहे."

"वयानं लहान असेल. तीट नाहीये."

"आहे, अहो. फिकट आहे, पण आहे."

"सावली असेल." मग आवाज आणखी खाली गेला. "मंदा. नीट बघ. नाहीये ना?"

हा आवाज तिनं पूर्वी एकदाच ऐकला होता. शाळेत मुख्याध्यापक नेमायचे होते त्या दिवशी सकाळी, बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी विचारलं होतं, "मलाच देतील ना गं?" ती म्हणाली होती, हो. दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते जेवले नव्हते आणि पुढची कितीतरी वर्षं त्या रस्त्यानं गेले नव्हते.

तिनं दुर्बीण लावली. कानामागे तीट होती. धुऊन धुऊन राहिलेल्या डागाइतकी, पण होती.

"नाही," ती म्हणाली.

श्रीधरपंतांनी एक श्वास घेतला आणि सोडला. "मंडळी, डावीकडे शेवटचा दगड. घाई करू नका, हलू नका. निमुळत्या चोचीचा कुरव."

दुर्बिणी एकदम तिकडे वळल्या. तेवढ्यात पलीकडच्या पायऱ्यांवर कुणी रोजचा पुण्यवान माणूस शेवेची पिशवी घेऊन आला आणि मूठमूठ उधळू लागला. सगळा थवा उठला, कल्ला करत त्याच्या डोक्याभोवती फिरू लागला, आणि तो एकटाही त्यांच्यात मिसळून मंडळींच्या अगदी पुढ्यातून गेला. सलोनीचा कॅमेरा कटकटकट वाजत राहिला.

"दिसला का, ओगले?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"तुम्हाला दिसला ना, सर? मग झालं."

पण ओगल्यांनीच पुढे होऊन हात मिळवला. इतरांनी मिळवला. सलोनी म्हणाली, "सर, यू आर अ लेजंड." श्रीधरपंत लाजल्यासारखे हसले. लग्नाच्या फोटोत ते असे हसले होते. त्यानंतर कधी, ते मंदाकिनीला आठवेना.

परतताना त्यांनी रिक्षा आपण होऊन बुधवारात वळवायला सांगितली. "दगडूशेठला जाऊन येऊ. तुला आवडतं ना." आयुष्यात पहिल्यांदा ते देवळाच्या रांगेत तिच्या पुढे उभे राहिले. पेढे घेतले. गणपतीसमोर आल्यावर तिनं हात जोडले आणि मान वर केलीच नाही. मागच्या बाईनं ढोसलं, "अहो काकू, बघून घ्या की पटकन, पुढे सरकायचंय."

त्या संध्याकाळी तिनं जादाची माळ ओढली, मग आणखी एक ओढली. दिसलं तसंच सांगितलं, हे वाक्य जिभेवर येईना. पेढे पुडक्यातच राहिले.

पुढच्या रविवारी ते बंधाऱ्यावर पोचले तेव्हा मंडळी आधीच घोळक्यानं उभी होती. मध्ये सलोनी होती, कॅमेरा पोटाशी धरून.

"सर, एक विचारू? रागवू नका हं. मी ते फोटो घरी झूम करून बघितले. म्हणजे मी नवीनच आहे, आय मे बी राँग. पण कानामागे स्पॉट आहे, सर. लाइट आहे. आणि बीक छोटी आहे. मला तो साधा काळ्या डोक्याचा वाटतोय."

"दाखव ना सरांना," ओगले म्हणाले. "माझ्याकडे काय बघतेस?"

सलोनीनं कॅमेऱ्याची मागची बाजू श्रीधरपंतांसमोर धरली. ते वाकले. वर्गात एखाद्याची वही बघावी तसे, भुवया आवळून, वेळ घेऊन.

"हं," ते म्हणाले. "स्पष्ट आहे की. मान बघ. कपाळ बघ कसं उतरतंय."

सलोनीनं कॅमेरा आपल्याकडे वळवला. तिचा चेहरा गोंधळला. "सर… सॉरी. स्क्रीन बंद झाली होती. काळीच होती. थांबा, लावते परत."

पाण्यावर एक टिटवी ओरडत गेली. मंदाकिनीचा गोमुखीतला हात थांबला.

ओगल्यांनी सावकाश डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुढे धरला. "खांबेटे, देऊ का?"

कितीतरी वर्षं सांभाळलेलं वाक्य होतं ते. त्यांनी ते घाई न करता खर्च केलं. पहिल्यांदाच ते "सर" म्हणाले नाहीत.

श्रीधरपंत सरळ झाले. मान जरा तिरकी केली, कडेच्या नजरेनं कोण कुठे उभं आहे ते बघितलं. मग म्हणाले, "माझे डोळे अधू आहेत. चार वर्षं झाली. मी हिच्या भरवशावर आहे. जप नाही करत ही, मला सांगत असते. हिनं मला सांगितलं तीट नाही, म्हणून मी नाव घेतलं."

सगळे तिच्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसानं चार माणसांत कबूल केलं होतं की ही बघते. ते असं.

"म्हणजे वहिनी," ओगले म्हणाले, "चार वर्षं आम्ही बिस्किटाचा पुडा फोडतानासुद्धा आवाज करत नव्हतो. तुमचं नाम मोडेल म्हणून." कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. "नदीकाठी देवाला बरं कामाला लावलंत."

तिच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. गोमुखी तिनं पदराखाली घेतली.

सलोनी एकटीच हसत नव्हती. ती जवळ आली. "काकू, तुम्हाला खरंच दिसला नव्हता स्पॉट?"

सरळ प्रश्न होता. आणि उत्तर जिभेच्या टोकावर होतं, अगदी साधं: मी आधी आहे म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मान आणखी तिरकी केली होती, तिला डोळ्याच्या कडेत पकडायला. ते वाट बघत होते. चेहरा पडला नव्हता, लाजला नव्हता. फक्त वाट बघत होता, आता ही काय वाढते त्याची.

तिच्या घरात भाजी खारट झाली की हात तिचा असे, आणि चांगली झाली की भाजी ताजी असे.

"माझंच चुकलं," ती म्हणाली.

"मग काय करायचं?" ओगल्यांनी मंडळींना विचारलं, पण ठरवलं त्यांनीच. "मागच्या चार हिवाळ्यांतलं सरांच्या नावावरचं सगळंच काढून टाकू. बघितलं एकीनं, बोलला दुसरा. त्यात एकीला तीट दिसत नाही. काय धरायचं त्यातलं?"

श्रीधरपंत एक वाक्य बोलू शकले असते. ते नदीकडे तोंड करून उभे राहिले, दुर्बीण हातात घेऊन, आणि आता ती डोळ्यांना लावायचं कारण उरलं नव्हतं.

एकादशीचं ते पिल्लू तिला आठवलं. आता ते कुणीच पाहिलेलं नव्हतं.

तिनं थर्मास उघडला आणि सगळ्यांना चहा दिला. देऊ नये असं तिला सुचलंच नाही. ओगल्यांनीही घेतला. "साखर बेताची आहे," म्हणाले.

घरी आल्यावर श्रीधरपंतांनी बूट काढले, खुर्चीत बसले. ती पोहे भिजवायला आत गेली.

"एवढंसं काम होतं तुझं," बाहेरून आवाज आला.

तिनं हात पुसले, दारात आली. "मी आहे म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, नीट बघ."

"मग नीट बघायचं होतंस."

पोहे पाण्यात फार राहतील म्हणून ती आत गेली.

बुधवारी सलोनीचा फोन आला. मंदाकिनीनं तो हॉलमध्येच घेतला, लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "काकू, तुम्ही रविवारी याल? मी घ्यायला येते, टू व्हीलरवर. मला ना त्या पिल्लांचं शिकायचंय. सर नाव सांगायचे, पण कसं ओळखलं ते नाही सांगायचे. तुम्ही सांगाल ना? सीरियसली विचारतेय."

ती काही बोलायच्या आत खुर्चीतून श्रीधरपंत म्हणाले, "जा की. मी कुठे अडवलंय? आंधळा नवरा घरी ठेवून बायको पक्षी दाखवायला जाते, बघू दे ओगल्याला." आणि मग, वर्तमानपत्राची घडी उगाचच उलगडत, "पण नावं कोण घेणार तिथं? तुला कुठे येतात नावं."

सगळी येत होती. चार हिवाळ्यांत एकही मोठ्यानं म्हटलं नव्हतं, एवढंच.

"गुडघा दुखतोय गं," ती फोनमध्ये म्हणाली. "थंडी सरू दे, मग बघू."

थंडी सरली, कुरव निघून गेले. रविवार पूर्वीसारखा झाला. फरक इतकाच, की आता ते बाहेर जात नसत, त्यामुळे पोहे केव्हा भिजवायचे हे नक्की ठाऊक असे. तिनं रविवारी संध्याकाळी जादाची माळ ओढायची थांबवली नाही. एका खोट्याला किती माळा, हे कुणी सांगितलेलं नसतं.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी विश्रांतवाडीला नात्यातली एक मुंज होती. येरवड्याच्या पुलावर रिक्षा अडकली. पुढे बस, मागे टँकर, मीटर आपला पडतोय. श्रीधरपंत कडेला बसले होते, हातात आहेराचं पाकीट. खालून नदीचा वास आला तशी त्यांनी मान तिरकी केली.

कठड्यावरून काहीतरी पांढरं वर आलं आणि रिक्षाच्या अगदी जवळून, अंग तोलत, पुलाच्या पलीकडे गेलं.

"काय गेलं गं?" त्यांनी विचारलं. आवाजात एकदम ऊब आली होती. हात तिच्या हाताकडे सरकला. "पांढरं होतं ना? काय दिसलं? सांग."

तिनं ते पूर्ण पाहिलं होतं. दुर्बीण नव्हती, लागलीही नाही. लहानखोर अंग, काळाभोर डोळा, पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरीशुभ्र आणि कानामागे तीट, काजळाचं बोट नुकतंच टेकवावं तशी ठळक. नाव ओठांशी आलं. गिळावं लागलं नाही, ते आपण होऊनच थांबलं.

"बगळा," ती म्हणाली.

"बगळा असा नाही उडत."

"बगळाच होता. मी नीट बघितलं."

श्रीधरपंतांनी हात मागे घेतला. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली.

त्या संध्याकाळी मुंजीहून आल्यावर तिनं दिवा लावला, रोजची माळ ओढली आणि गोमुखी खुंटीला अडकवली. जादाची माळ तिनं ओढली नाही.